वाढायच्या डावाची जप्ती

माणसाचं वजन ही त्याची खासगी बाब असते, आणि काटेसाहेबांचंही त्या मंगळवारी सकाळपर्यंत खासगीच होतं.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते आणि हे नाव बाजाराने त्यांना प्रेमाने, म्हणजे भीतीने, बहाल केलं होतं. खांद्याला प्रमाण वजनांची जड पिशवी, खिशात शिशाची सीलं, तार आणि चिमटा, असे ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की मासळीवालीपासून सराफापर्यंत सगळ्यांचे हात आपोआप काटा पुसू लागत. कुणाच्या दुकानात ते पाणीसुद्धा पीत नसत. पाणी प्यायला की नजर मऊ होते, असं त्यांचं मत होतं.

तर त्या मंगळवारी किराणावाल्याच्या दुकानात पोती मोजायच्या मोठ्या काट्याचा शिक्का बघायला ते वाकले, सांडलेल्या वाटाण्यांवरून त्यांचा पाय घसरला, आणि पडू नये म्हणून त्यांनी जी उडी मारली ती थेट काट्यावर. आता खरं तर आकडा फक्त किराणावाल्यालाच दिसला असता. पण 'आकडा गिऱ्हाइकाला दिसलाच पाहिजे' म्हणून काटेसाहेबांनीच मागच्या खेपेला त्याला नोटीस दिली होती, आणि बिचाऱ्याने ताटाएवढा मोठा, लाल दिव्यांचा नवा फलक रस्त्याकडे तोंड करून बसवला होता. काटेसाहेबांचा आकडा रांगेतल्या गिऱ्हाइकांनी वाचला, रस्त्यापलीकडच्या केशकर्तनालयात अर्धी दाढी झालेल्या माणसाने आरशात उलटा वाचला.

"निव्वळ का ढोबळ, साहेब?" मागून कुणीतरी विचारलं.

"पिशवीत वजनं आहेत," काटेसाहेब म्हणाले. ते खरंच होतं. किराणावाल्याने अदबीने पिशवी उतरवून घेतली. आकडा एवढासाच खाली आला, आणि तिथेच थांबला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पिशवी उतरवली नसती तर निदान पिशवीवर खापर फोडता आलं असतं.

हसं झालं एवढ्यावर भागलं असतं तर काटेसाहेबांनी ते गिळलं असतं. पण पुढच्या महिन्यात खात्यातल्या लोकांची वार्षिक वैद्यकीय तपासणी होती. फिरतीवरच्या निरीक्षकाचं वजन ठरलेल्या मर्यादेत असलंच पाहिजे, असा नियम होता. मागच्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी काठावर पास करून "कमी करावे" असा शेरा मारला होता. यंदा मर्यादा ओलांडली तर फिरती बंद, आणि बदली थेट तळघरातल्या जप्तीमालाच्या कोठीत. तिथे गंजलेल्या तराजूंच्या ढिगात एक माजी निरीक्षक आधीच बसलेले होते. ते दिवसभर एका पारड्यात पेन आणि दुसऱ्यात टाचण्या घालत बसत. काटेसाहेबांनी एकदा दारातून ते दृश्य पाहिलं होतं. त्यांना फिरती म्हणजे जीव की प्राण होती. खुर्चीत बसायची कल्पनासुद्धा त्यांच्या पायांना मुंग्या आणत असे.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा एक सल्लाही दिला होता. "उपाशी राहू नका, काही अचाट करू नका. रोज करता येईल आणि वर्षानुवर्षं टिकेल असं काहीतरी ठरवा." काटेसाहेबांनी यातलं 'ठरवा' तेवढं नेमकं लक्षात ठेवलं.

बातमी त्यांच्याआधी इमारतीत पोचली होती. जिन्यातच वरच्या मजल्यावरचे विमावाले काका उभे होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याजवळ विकायला पॉलिसी उरली नव्हती, म्हणून सल्ले देत असत, आणि तेही हप्त्याहप्त्याने.

"ऐकलं हो," काका म्हणाले. "माझं ऐका, रात्रीचं जेवण बंद. माझा मेहुणा असाच करायचा."

"मग बारीक झाले?"

"झाला ना. फारच झाला." काकांनी मान हलवली. "चांगला माणूस होता."

तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी सकाळी काही खाऊ नका म्हणून सांगितलं. कचेरीतल्या टायपिस्टने दुपारचं जेवण हेच सगळ्या दुखण्याचं मूळ असल्याचं शपथेवर सांगितलं. तिघांचंही ऐकलं असतं तर काटेसाहेबांना फक्त स्वप्नात जेवता आलं असतं. शेवटी त्यांनी ठरवलं की या ऐकीव गोष्टी बंद. ज्या पद्धतीने अख्खा बाजार सुतासारखा सरळ केला, त्याच पद्धतीने घर सरळ करायचं. स्वयंपाकघर म्हणजे तरी काय? माल येतो, मापला जातो, ग्राहकाला दिला जातो. आणि तिथे आजवर एकदाही तपासणी झालेली नाही!

नियमावली एका बैठकीत तयार झाली. कलम पहिलं: घरात वाढला जाणारा प्रत्येक पदार्थ वजन करूनच वाढण्यात येईल. कलम दुसरं: 'नावाला', 'अगदी थोडंसं', 'चवीपुरतं' आणि 'एवढ्याने काय होतंय' ही मापं रद्द समजण्यात यावीत. कलम तिसरं: पातेल्यात उरलं म्हणून ताटात वाढणं, यास साठा बेकायदेशीरपणे हलवणं समजलं जाईल. अशी बरीच कलमं होती. मुलीने ती मोठ्याने वाचून दाखवली. ती कॉलेजात शिकत होती आणि त्या वयाला शोभेल असं गांभीर्य तिच्याजवळ अजिबात नव्हतं.

"बाबा, यात भूक कुठे आहे?" तिने विचारलं.

"भूक हे मान्य एकक नाही," काटेसाहेब म्हणाले.

बायको शाळेत भूगोल शिकवत असे. पृथ्वीच्या पोटात काय चाललंय ते ती मुलांना इतकी वर्षं सांगत आली होती, त्यामुळे नवऱ्याच्या पोटातली खळबळ तिला फारशी नवी नव्हती. तिने नियमावली शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "बरं. आधी जेवून घ्या."

आणि तिथेच ठिणगी पडली. तिने नेहमीच्या डावाने भातावर रस्सा वाढला. लांब दांड्याचा, एका बाजूने किंचित चेपलेला तो डाव लग्नापासून घरात होता. काटेसाहेबांनी ताट उचलून आपल्या छोट्या काट्यावर ठेवलं. मग बायकोचं ताट ठेवलं. मग मुलीचं. मग पुन्हा आपलं. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"डाव एकच. प्रत्येकाला एकेकदाच वाढलंस. मग तीन ताटांत तीन वजनं कशी?"

"अहो, मी काय मोजून वाढते?"

"तेच तर! हे माप नाही, ही लहर आहे." त्यांनी डाव उजेडाकडे धरला, चेपलेल्या बाजूवरून बोट फिरवलं. "शिवाय वाकलेला आहे. बाजारात असलं माप सापडलं असतं तर मी जागेवर जप्त केलं असतं."

"मग करा की," बायको म्हणाली.

ती हे रागाने म्हणाली की थट्टेने, हे एखाद्या शहाण्या नवऱ्याने थांबून तपासलं असतं. काटेसाहेबांनी खिशातून कापडी पिशवी काढली, डाव तीत घातला, तोंडाला तार आवळली आणि चिमट्याने शिशाचं सील दाबलं.

"पंच लागतात ना?" बायकोने विचारलं. तिचा आवाज जरा जास्तच शांत होता. मुलगी हसत हसत पंच झाली. "इतकी वर्षं या डावाने घर जेवतंय. आजवर तक्रार आली नव्हती."

"तक्रार नाही म्हणजे माप बरोबर, असं होत नाही."

"छान. मग उद्यापासून तुम्हीच वाढा." आणि ती हात धुऊन उठली.

पुढचे दिवस काटेसाहेब वाढत होते. पदार्थ काट्यावर ठेवायचा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, थोडा काढायचा, पुन्हा थांबायचं. तीन ताटं भरून होईपर्यंत पहिलं थंड व्हायचं. ते गरम करायला घेतलं की त्यातलं पाणी आटून वजन घटायचं आणि सगळं पहिल्यापासून. मुलीला अचानक मैत्रिणीकडे अभ्यास सुचू लागला, तोही नेमका जेवणाच्या वेळेला. बायको ओट्याशी उभ्या उभ्याच दोन घास खाऊन पेपर तपासायला बसू लागली. जिथे तिघांच्या गप्पांनी टेबल दणाणायचं, तिथे आता काटेसाहेब आणि त्यांचा काटा असे दोघेच समोरासमोर बसत. काटा बोलत नसे. बोलला असता तरी खरं बोलला असता, आणि जेवताना खरं कुणाला ऐकायचं असतं?

त्यांना चैन पडेनासं झालं. ताटातलं मोजून, मापून, पोट भरेल एवढंच असायचं आणि भरायचंही. पण उठल्यावर वाटायचं की जेवण अजून व्हायचंच आहे. मग ते घरभर येरझाऱ्या घालत. कपाट उघडून बंद करत. खिडकीचे कडी-कोयंडे तपासत. खिशातला चिमटा काढून उगाच कटकट वाजवत. विमावाल्या काकांनी वरून काठी आपटली की गॅलरीत जात, आणि तिथून शिवणवाल्या बाईंचं मशीन ऐकू आलं की परत आत येत. त्यांना वाटे, ही भूकच असणार. पण भूक असती तर खायला समोर काहीतरी आलंच असतं. इथे नक्की काय हवंय तेच त्यांना कळत नव्हतं.

त्यातून वजन घटतंय की नाही हे कळायला मार्ग नव्हता. न्हाणीघरात मुलीने आणलेला छोटा काटा होता. काटेसाहेबांनी त्यावर लागोपाठ तीनदा उभं राहून पाहिलं. त्याने तीन वेगवेगळ्या माणसांची वजनं दाखवली. तोही सील झाला. घरात आता दोन जप्त्या झाल्या होत्या आणि तिसरी बहुधा आपलीच होईल, असं मुलगी म्हणू लागली. बाजारातल्या काट्यांवर उभं राहायचा प्रश्नच नव्हता. अधिकाऱ्याने व्यापाऱ्याच्या साधनाचा खासगी लाभ घेऊ नये, हे परिपत्रक त्यांनीच मागून मागून काढायला लावलं होतं. उरला कचेरीतला प्रमाण काटा. अख्ख्या खात्यात सर्वांत खरं बोलणारा. त्यावर उभं राहायची परवानगी मागायला ते हेडक्लार्ककडे गेले.

हेडक्लार्कने अर्ज दोनदा वाचला. "साहेब, हा काटा मालासाठी आहे. आपण माल आहात का?"

"नाही."

"आपण विक्रीसाठी आहात का?"

"अहो, काय बोलता!"

"मी नाही बोलत, नियम बोलतो. व्यक्ती या सदरात काही बसत नाही." हेडक्लार्कने चष्मा पुसला. "आपण स्वतःला तात्पुरतं पार्सल म्हणून दाखवलंत तर बघता येईल. पण मग वर पत्ता लिहावा लागेल आणि पाठवणारा वेगळा लागेल."

पाठवणारा म्हणून सही करायला घरी विचारायची काटेसाहेबांची छाती झाली नाही. बायको सही करायला तयार झाली असती, हीच तर भीती होती.

त्यांना दिवसातून दहा माणसं दहा प्रकारे तोलत होती, आणि तेही फुकट. "साहेब, छान बारीक झालात," मासळीवाली म्हणायची. चार पावलांवर फळवाला विचारायचा, "साहेब, तब्येत बरी नाही का?" किराणावाला त्यांना पाहताच पायाखालचे वाटाणे झाडून घ्यायचा आणि तोंड फिरवून हसायचा. विमावाले काका जिन्यात थांबवून म्हणाले, "या वयात एकदम उतरणं बरं नव्हे. पॉलिसी चालू आहे ना?"

तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मुलगी एकटीच घरी होती. काटेसाहेब येरझाऱ्या घालत होते आणि तिच्या खुर्चीला प्रत्येक फेरीत धक्का लागत होता.

"बाबा, बसा ना. आज कुणाशी भांडण झालं का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तुम्ही कधी सांगता का?" ती म्हणाली. "पूर्वी डावावरून कळायचं. तुम्ही गप्प गप्प घरी आलात की आई डाव काठोकाठ भरायची. फारच गप्प असलात तर दुसराही. तुम्हाला वाटतं ती लहर होती? तिला तुम्ही काही सांगत नाही, मग ती वाढून विचारायची. तुम्ही सगळं संपवलंत की ती म्हणायची, आज जास्त लागलंय वाटतं."

काटेसाहेब त्या संध्याकाळी पहिल्यांदाच खुर्चीत बसले.

त्यांना आठवलं. त्यांचा अहवाल वरिष्ठांनी परत पाठवला तो दिवस. एका काटा मारणाऱ्या सराफाला वरून सोडून दिलं तो दिवस. ते घरी येऊन मुकाट जेवले होते, भरपूर जेवले होते, आणि बरं वाटलं होतं. जेवणामुळे बरं वाटलं असं त्यांनी धरून चाललं होतं. इतक्या वर्षांत साहेबांनी गावभरचे काटे तपासले, पण आपल्या ताटात कुठलं वजन पडतंय ते पाहिलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांना स्वतःची चांगलीच लाज वाटली, आणि डावाची सील केलेली पिशवी कपाटातून त्यांच्याकडे बघतेय असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाण्याआधी ते हेडक्लार्कच्या टेबलाशी थबकले. "एक विचारायचं होतं. एखाद्याने ग्राहकाला मापापेक्षा जास्त दिलं, तर कलम कोणतं?"

हेडक्लार्कने जाडजूड पुस्तक काढलं, अंगठ्याला थुंकी लावत बरंच उलटलं आणि बंद केलं. "कमी दिलं तर पानंच्या पानं आहेत. जास्त दिल्याचं काही नाही. तशी तक्रार घेऊन कधी कुणी आलंच नसेल."

"नाही, मी गेलो होतो," काटेसाहेब पुटपुटले आणि बाहेर पडले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना कोपऱ्यातल्या उंच दांडीच्या काट्यावर उभं केलं. दांडीवरचं वजन त्या बोटाने हळूहळू सरकवत होत्या. काटेसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. डोळ्यांसमोर तळघरातले ते माजी निरीक्षक होते आणि त्यांच्या शेजारी एक रिकामी खुर्ची.

"वा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मर्यादेच्या आत. अगदी थोडक्याने, पण आत. अभिनंदन, साहेब. फिरा बाजारभर!"

काटेसाहेबांनी डोळे उघडले. जीव भांड्यात पडला! त्यांना डॉक्टरीणबाईंचा हात धरून नाचावंसं वाटलं. ते काट्यावरून खाली उतरले, बाजूला ठेवलेली पिशवी खांद्याला लावून चपला घालायला वाकले आणि सवयीने, निव्वळ सवयीने, त्यांची नजर काट्याच्या पायथ्याशी गेली. तिथे शिक्का होता. शिक्क्यावरचं साल त्यांनी दोनदा वाचलं. त्याची मुदत कधीच संपली होती. हा दवाखाना त्यांच्याच हद्दीत येत होता, आणि डॉक्टर म्हटलं की वजन निघणार म्हणून वर्षातली ती एक सक्तीची खेप सोडली तर ते इकडे फिरकायचं वर्षानुवर्षं टाळत आले होते.

ते सरळ उभे राहिले. कुणी पाहिलं नव्हतं. चपला घालून दारापर्यंत गेलेही. मनाशी म्हणाले, आधी प्रमाणपत्र हातात येऊ दे, पुढच्या आठवड्यात येऊन रीतसर तपासू. त्यात काय चूक आहे? काहीच नाही. फक्त त्यांचे पाय दारातून बाहेर पडेनात.

दारात एक म्हातारी लेकीच्या खांद्याला धरून आत येत होती. डॉक्टरीणबाई लेकीला म्हणाल्या, "यांना काट्यावर उभं करा. नव्या गोळीचं प्रमाण वजनावर ठरवायचंय."

"थांबा!" काटेसाहेब ओरडले. म्हातारी दचकली. "त्या काट्यावर कुणीही उभं राहू नका."

मग त्यांनी खांद्यावरची पिशवी उघडली आणि जे करायचं ते केलं. आधी काट्यावर नुसते उभे राहिले, मग प्रमाण वजनं हातात घेऊन. वजनं जेवढी भरायला हवी होती, तेवढी भरली नाहीत. काटा मारत होता. कुणाला न फसवता, कसला फायदा न घेता, आपला मुकाट काटा मारत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फरक एवढाच की काटेसाहेबांनी हात स्वतःहून पुढे केला होता.

म्हातारीसाठी डॉक्टरीणबाईंनी कागदावर फरकाचा हिशोब केला आणि गोळीचं प्रमाण ठरवलं. मग त्यांची पेन्सिल हवेतच थांबली. "साहेब, हा फरक तुमच्याही वजनात मिळवावा लागेल."

"मिळवा," काटेसाहेब म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मिळवलं. "बाहेर गेलात. अगदी थोडक्याने, पण बाहेर." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "काय खात होतात तुम्ही?"

काटेसाहेबांनी कलमं सांगितली. थंड ताटं सांगितली, जप्ती सांगितली, मैत्रिणीचा अभ्यास सांगितला.

"हे किती दिवस चालेल असं वाटतं?"

"बायको घरात आहे तोवर," काटेसाहेब खरं तेच म्हणाले.

त्यांनी काट्याला तार गुंडाळली आणि चिमट्याने सील दाबलं. आपल्या नोकरीवर सील ठोकतोय असंच त्यांना वाटलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा अहवाल समोर ओढला, पेन उघडलं आणि परत मिटलं. "पण साहेब, मी लिहू काय? सील केलेल्या काट्यावरचा आकडा चालत नाही. आणि पेन्सिलीने केलेली बेरीज तर मुळीच चालत नाही." त्यांनी लिहिलं: तपासणी अपूर्ण.

कचेरीत हेडक्लार्कने तो कागद उजेडात धरला आणि त्याच्या चेहऱ्यावर कलाकाराचं समाधान पसरलं. "काटा आधी दुरुस्तीला जाईल. मग शिक्का मारावा लागेल. तुमची हद्द, पण तुमचाच त्यात संबंध, म्हणजे तुम्हाला मारता येणार नाही. शेजारच्या हद्दीच्या निरीक्षकाला पत्र. त्यांच्या साहेबांची मंजुरी. आपल्या साहेबांची मंजुरी त्यांच्या मंजुरीला. तोवर जुनंच प्रमाणपत्र चालू." त्याने काटेसाहेबांकडे नीट पाहिलं. "लवकर व्हावं म्हणून वर बोलू का?"

आयुष्यभर लोकांनी काटेसाहेबांच्या टेबलाशी येऊन घाई केली होती, आणि त्यांनीही वरच्या टेबलांशी जाऊन. आज पहिल्यांदाच ते म्हणाले, "नको, नको. अजिबात घाई नाही. फाइलला तिच्या पायांनी जाऊ द्या. आणि वाटेत कुठे थांबलीच तर उठवू नका."

संध्याकाळी ते घरी गेले तेव्हा बायको ओट्याशी होती. त्यांनी कपाटातून पिशवी काढली, चिमट्याने तार तोडली आणि डाव धुऊन तिच्यासमोर ठेवला. निरीक्षकाला आपलं सील आपणच तोडायला लागावं, यासारखी नामुष्की नाही. त्यांनी ती मुकाट्याने सोसली.

"तक्रारदाराने तक्रार मागे घेतली," ते म्हणाले.

बायकोने डाव उचलला, चेपलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. "तपासणीचं काय झालं?"

पूर्वी ते म्हणाले असते, 'काही नाही, ठीक आहे.' ते शब्द जिभेवर आलेही होते.

"नापास झालो," ते म्हणाले. "म्हणजे आधी पास झालो होतो. मग मीच मला नापास केलं."

बायकोने वळून पाहिलं. "म्हणजे?"

मुलगी पुस्तक मिटून टेबलाशी आली. आज मैत्रिणीकडे अभ्यास नव्हता. कित्येक दिवसांनी तिघं एकदमच बसली. भात गरम होता, रश्श्यातून वाफ येत होती. बायकोने एक डाव वाढला, सपाट, काठापर्यंत नाही. काटेसाहेब सांगू लागले. वाटाण्यांपासून सुरुवात केली, कारण त्या दिवशीचं खरं तर त्यांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं. तो लाल फलक, तो आरशात वाचणारा अर्ध्या दाढीचा माणूस, सगळ्यांसमोर उतरवलेली पिशवी. त्या दिवशी आपल्याला किती लाजल्यासारखं झालं होतं, हेही त्यांनी सांगून टाकलं, आणि सांगताना घास तोंडाजवळ तसाच राहिला.

"अहो, मग मला सांगायचं ना त्याच दिवशी," बायको म्हणाली. तिने सवयीने दुसरा डाव भरून उचलला होता. "आणि त्या म्हातारीचं काय झालं?"

"तिचं ऐक तर. ती काट्यावर पाय ठेवणार एवढ्यात मी असा ओरडलो..." आणि ते कसे ओरडले ते त्यांनी ओरडून दाखवलं. वरून विमावाल्या काकांनी काठी आपटली. मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. पार्सलावर पत्ता कुठला लिहायचा, पाठवणारी म्हणून आईने सही केली असती का, यावर वाद झाला. बायको म्हणाली, सही केली असती, पण परतीचं टपालही भरलं असतं. काटेसाहेबांना काहीतरी अजून सांगायचं राहिलंय असं वाटत होतं, म्हणून ते सांगत राहिले, आणि बायको ऐकत राहिली, भरलेला डाव हातात तसाच धरून.

रस्सा निवायला लागला तेव्हा कधीतरी तिने तो पातेल्यात परत ठेवला. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.